अंगठ्याला कळतं

डोंबिवली पश्चिमेला विष्णूनगरच्या मासळी बाजारात मिक्स मासळीचे वाटे लागतात. मूठभर मांदेली, चार ढोमे, तीन-चार कोळंब्या, एखादी वाकटी, एखादं माकूल. पापलेट-सुरमईचं गिऱ्हाईक या वाट्यांकडे ढुंकून बघत नाही. पण आंबट-तिखट कालवणाची चव याच मासळीला, हे ज्यांना माहीत आहे ते उभे राहतात. मीही उभी होते. मावशी उजव्या हातानं सुट्टे पैसे परत देत होत्या, तोंडानं शेजारणीशी भांडत होत्या आणि डाव्या हातानं माझा वाटा पिशवीत भरत होत्या. मध्येच तो डावा हात थांबला. अंगठा एका माशाच्या पोटावरून उलटसुलट फिरला आणि तो मासा पिशवीऐवजी फळीखालच्या डब्यात पडला. मावशींनी मान खाली घातली नव्हती. भांडणही थांबलं नव्हतं.

"काय होतं, मावशी?"

"केंड. जा तू, झाला तुझा वाटा."

केंड विषारी असतो, हे ऐकून माहीत होतं. न बघता तो ओळखता येतो, हे माहीत नव्हतं. घरी येऊन कालवण केलं, खाल्लं. डोक्यातून तो अंगठा मात्र जाईना. शेवटी मावशींनाच विचारलं, मासळी आणायला जाता तेव्हा बरोबर येऊ का? "ये की, पण चप्पल घालून येऊ नको, बूट घाल," एवढंच त्या म्हणाल्या. आणि पुढे: "माझा नातू बोलला, मोबाईलवर हाय. एका केंडात तीस मानसं मारायचं विष. तीस!"

पहाटेच्या लोकलचा मालडबा रिकाम्या पाट्यांनी भरलेला असतो. डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याणच्या बायका पाट्यांवरच टेकून डुलक्या काढतात. सँडहर्स्ट रोडला उतरून टॅक्सीत चौघी-पाचजणी कोंबून भाऊच्या धक्क्यावर. एकोणिसाव्या शतकात लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी धक्का बांधला, त्यांचं नाव अजून चालतंय. मांडव्याला जाणाऱ्या बोटींसाठी येणारे लोक उजाडल्यावर येतात. त्याआधीचा धक्का ट्रॉलरवाल्यांचा. डिझेल, बर्फाचं पाणी आणि मासळी या तिन्हींचा मिळून एकच वास होतो आणि तो नाकात नाही, घशात बसतो. लिलाव, पुकारा, हुज्जत, हातगाड्या हे सगळं भराभर उरकतं. मावशींनी दोघींच्या भागीत मिक्स मासळीचे क्रेट घेतले आणि कडेला, दिव्याच्या खांबाजवळ, जमिनीवर प्लास्टिक अंथरून ते उपडे केले.

इथून पुढचं काम बघण्यासाठीच मी आले होते.

ट्रॉलरचं जाळं समुद्राच्या तळावरून ओढत नेतात. त्यात जे सापडेल ते येतं. निवड पाण्यात होत नाही, जमिनीवर होते. खलाशी बोटीवरच मोठी आणि महागाची मासळी वेगळी करतात. उरलेलं मिक्स. ते घेणाऱ्या बाईला धक्क्यावरच निवडावं लागतं, कारण कचऱ्याचं वजन डोंबिवलीपर्यंत कोण वाहणार? मावशी उकिडव्या बसल्या, साडीचा काष्टा आवळला आणि दोन्ही हात ढिगात घातले. मांदेली डावीकडे, ढोमे उजवीकडे, कोळंबी समोरच्या टबात, माकूल मांडीजवळ. खेकड्याची पिल्लं, शंख, फुटलेली मासळी पाठीमागे. पाठीमागचा हा ढीग कुटीवाला नेतो, तो वाळवून त्याचं कोंबड्यांचं खाद्य होतं. हात एका लयीत चालतात. नजर ढिगावर क्वचितच असते. बरोबरच्या बाईला कुठल्या मुकादमानं किती रुपयांना फसवलं याची गोष्ट चाललेली असते.

मग अंगठा थांबतो.

मी त्यांच्या हाताइतकी वाकून बसले तेव्हा दिसलं, की प्रत्येक आखूड, जाडसर मासा हातात आला की अंगठा त्याच्या पोटावरून शेपटीकडून डोक्याकडे फिरतो. ढोमा असेल तर खवलं लागतात. केंडाला खवलं नसतात. कातडीत रुतलेले बारीक काटे असतात, दोन दिवसांच्या दाढीसारखे. "पाठीला बगायचं नाय. येकाद्याची पाठ गुलगुलीत असते, फसवते. पोटाला बगायचं." हे त्यांना कोणी पुस्तकातून सांगितलेलं नाही, पण ते खरं आहे. आपल्या समुद्रातल्या एका केंडाचं शास्त्रीय नावच लॅगोसेफॅलस इनर्मिस, म्हणजे बिनकाट्याचा. त्याची पाठ गुळगुळीत असते आणि काटे फक्त पोटावर.

मावशींनी एक केंड माझ्या हातावर ठेवला. वीतभर असेल. तपकिरी पाठीवर पांढुरके ठिपके, बाजूला वरून खाली उतरणारे पट्टे, पोट पांढरं. ओठांच्या आत चार दात, वर दोन, खाली दोन, एकमेकांना चिकटून झालेली चोच. या चोचीनं तो शिंपल्या आणि खेकडे फोडतो, आणि कोकणातल्या मच्छीमारांची तक्रार आहे की जाळीही कुरतडतो. पोटाखालचे पर नाहीत, बरगड्या नाहीत. बरगड्या नसल्यामुळेच संकट आलं की पाणी पिऊन तो टम्म फुगू शकतो. कल्ल्याच्या जागी एक फट. डोळा मोठा, वर बसवलेला. एवढी ओळखीची खूण असलेला मासा ढिगात दुसरा नव्हता. मावशी म्हणाल्या, "मेल्याचं तोंड बग. असं तोंड असल्यावर कोन खाईल?"

पट्ट्यांवरून तो टाकिफुगू ऑब्लाँगस वाटला. बर्लिनचे डॉक्टर आणि मत्स्यशास्त्रज्ञ मार्कुस ब्लॉख यांनी १७८६ साली या जातीची नोंद केली. जपानी लोक जो फुगू हजारो येन मोजून खातात, त्याच टाकिफुगू वंशातला हा. या वंशातले बहुतेक भाऊबंद चीन-जपानच्या बाजूला राहतात. हिंदी महासागरात उथळ किनाऱ्याला, खाड्यांच्या तोंडाशी राहणारा हा एक. तिकडे त्याच्या चुलत्यांना मान, इकडे हा पाठीमागच्या ढिगात.

पण पाठीमागच्या ढिगातही नाही. हे माझ्या लक्षात उशिरा आलं. कुटीचा कचरा पाठीमागे जात होता, केंड मात्र एका काळ्या पिशवीत जात होते. पाच-सहा झाले तेव्हा मावशींनी पिशवीला गाठ मारली आणि पाट्यांच्या खाली सरकवली. मी विचारलं, हेही कुटीला का नाही? त्यांनी हनुवटीनं पलीकडे दाखवलं. दोन बायका आणि एक पोरगा धक्क्याच्या कडेनं फिरत होते. सांडलेलं, टाकलेलं, चेंगरलेलं उचलत होते. "कचऱ्यातून पन कोनीतरी उचलतं, ताई. पोटाला नसलं की मानूस तोंड नाय बगत. उद्या त्या पोराच्या घरात काय जालं त? तीस नाय, पाच मेले तरी बास."

तीस हा आकडा मी नंतर तपासला. जगभर तो सांगितला जातो, पण त्याला तराजू नाही. केंडाच्या विषाचं नाव टेट्रोडोटॉक्सिन. जपानी शास्त्रज्ञ योशिझुमी ताहारा यांनी १९०९ साली हे नाव दिलं. त्याची रासायनिक रचना उलगडायला १९६४ उजाडलं. दोनेक मिलिग्रॅम माणसाला पुरतं असं मानतात. ते एका केंडात किती असेल हे जात, नर की मादी, महिना आणि पाणी यांवर ठरतं. यकृत आणि गाबोळी सर्वांत वाईट. अंडी घालायच्या आधी मादीची गाबोळी विषानं भरलेली. बहुतेक जातींत कातडी आणि आतडीही वाईट, मांस त्या मानानं कमी. पण लॅगोसेफॅलस लुनारिस नावाचा एक केंड आपल्याही समुद्रात आहे, त्याचं मांससुद्धा विषारी. त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा एक केंड पुष्कळ निरुपद्रवी समजला जातो. दोघांत फरक काय, तर लुनारिसच्या पाठीवरचे काटे पाठीच्या पराच्या बुडापर्यंत पोचतात, दुसऱ्याचे आधीच संपतात. तैवानमध्ये या दोघांची गल्लत होऊन माणसांना विषबाधा झाली आहे. म्हणजे एका केंडात शून्य माणसंही असतील आणि तीसही. मावशींचा हिशोब या शून्य-तीसच्या भानगडीत पडत नाही. केंड म्हणजे पिशवी.

हे विष मासा स्वतः तयार करत नाही. समुद्रातले काही जिवाणू ते बनवतात, ते खाणाऱ्या किड्या-शिंपल्यांतून ते केंडाच्या अंगात साठतं. टाकीत वाढवून बिनविषारी खाद्य घातलेला केंड विषारी होत नाही, हे जपानमध्ये सिद्ध झालं आहे. केंडाला स्वतःला त्याचा त्रास होत नाही, कारण त्याच्या मज्जातंतूंची ठेवणच निराळी. आपल्या मज्जातंतूंतून सोडियम आत शिरण्याची जी दारं असतात, त्यांत हे विष बुचासारखं बसतं. संदेश जात नाही, स्नायू हलत नाही. आधी ओठ आणि जीभ मुंग्या येऊन बधिर होतात, मग बोटं, मग पाय लटके पडतात, शेवटी छातीचा भाता थांबतो. माणूस बराच वेळ शुद्धीवर असतो. उतारा नाही. श्वास यंत्रानं चालू ठेवायचा आणि शरीरानं विष बाहेर टाकायची वाट बघायची. पहिला दिवस निभावला तर माणूस सहसा वाचतो.

आणि स्वयंपाकघरात आपण जे जे करतो त्यातलं काही या विषाला लागत नाही. उकळलं तरी तेच, तळलं तरी तेच, बर्फात ठेवलं तरी तेच. चिंच-कोकम, हळद, आलं-लसूण यांचा काही उपयोग नाही. वास नाही, चव नाही. कालवणात पडल्यावर ते ओळखायला जगातला कुठलाही सुगरणीचा हात पुरा पडणार नाही. ओळखायची वेळ एकच: मासा अख्खा असताना, तोंड आणि कातडी अंगावर असताना.

जपाननं ही वेळ कायद्यानं बांधून घेतली आहे. फुगू कापणाऱ्याला परवाना लागतो. टोकियोत त्यासाठी परीक्षा होते, आणि काढलेली यकृतं, गाबोळ्या कुलूपबंद डब्यात टाकाव्या लागतात. एवढं करूनही १९७५ च्या जानेवारीत बांदो मित्सुगोरो हा काबुकी रंगभूमीचा नावाजलेला नट क्योतोत फुगूचं यकृत चार वेळा मागून खाऊन मेला. १९८३ साली यकृत विकण्यावर देशभर बंदी आली. युरोपीय संघानं तर केंडाच्या कुळातली मासळी बाजारात आणायलाच मनाई केली आहे. जपानमध्ये परवाना, परीक्षा, कुलूप. इथे काळी पिशवी आणि गाठ. गाठीला कमी लेखायची माझी तयारी नाही. ती मारणाऱ्या बाईला कोणी परीक्षेला बसवलेलं नाही, कोणी पगार देत नाही आणि ती गाठ मारली नाही म्हणून कोणी विचारणारही नाही. तरी ती रोज मारते.

अंगठा जिथे नसतो तिथे काय होतं, याची उदाहरणं फार लांब शोधावी लागत नाहीत. २००८ च्या एप्रिल आणि जून महिन्यांत बांगलादेशात समुद्रातले केंड स्वस्त मासळी म्हणून आतल्या भागातल्या बाजारांत विकले गेले. १४१ माणसं आजारी पडली, १७ मेली. किनाऱ्यावरचा कोळी ज्याला हात लावणार नाही ते किनाऱ्यापासून दूर नेल्यावर नुसतं स्वस्त मांस झालं. याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत शिकागोला दुसरा प्रकार झाला. चीनहून मंकफिश या नावानं आलेल्या गोठवलेल्या पेट्यांतली मासळी खाऊन लोक आजारी पडले. तपासात ती केंडाची निघाली. पेट्यांवर लिहिलं होतं, पोट साफ केलेली, मुंडी काढलेली. म्हणजे मावशी ज्या दोन गोष्टी बघतात, पोट आणि तोंड, त्याच दोन काढून पेटी भरली होती.

म्हणून मला सध्याच्या साफसूफ मासळीच्या कौतुकाबद्दल शंका वाटते. डोंबिवलीत हल्ली मोबाईलवरून मासळी येते. कातडी नाही, काटा नाही, डोकं नाही, चौकोनी तुकडे, पातळ प्लास्टिकखाली गुलाबी. त्यात केंड असतो असा माझा आरोप नाही. बहुतेक ठिकाणी खात्रीचीच मासळी असेल. माझं म्हणणं एवढंच, की त्यात काय आहे हे खाणाऱ्याला कळायची सोय उरलेली नाही. कुणीतरी, कुठेतरी, आपल्या वतीनं पोटावरून अंगठा फिरवला असेल यावर विश्वास ठेवायचा. बाजारात तो अंगठा माझ्यासमोर फिरतो, आणि ज्या बाईचा आहे ती उद्याही त्याच फळीवर बसणार असते. चूक केली तर तिला माझ्यासमोर यावं लागेल.

समुद्रात केंड वाढत असल्याचंही ऐकू येतं. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केरळ-कर्नाटकाच्या समुद्रात लॅगोसेफॅलस इनर्मिसचे थवे वाढल्याची नोंद २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. केंडाला खाणारा मोडसा मासा माणसानं भरमसाट मारला, हे त्यांनी दिलेलं एक कारण. मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "खानारा आपन खाल्ला. आता हे आपल्याच जाल्यात."

निवडणी संपली तेव्हा उजाडलं होतं. बर्फाचा चुरा, त्यावर मासळी, परत बर्फ, वर ओलं गोणपाट. परतीच्या मालडब्यात पाट्यांना टेकून बसलो. मी अंगठा बघायला मागितला. नखाच्या कडेची कातडी बर्फानं पांढरी पडलेली, पेरावर कोळंबीच्या काट्यांचे जुने वण, आणि टोकाला मात्र गुळगुळीत, जणू ठसाच पुसलेला. "आधारला माझा अंगठा घेतच नव्हतं मशीन," मावशी हसत म्हणाल्या. "चार खेपा जाल्या." सरकारी यंत्राला न कळणारा अंगठा, आणि केंड मात्र त्याला अंधारात कळतो.

हे शिकल्या कुठे, तर धक्क्यावर नाही. मावशी मोठागावच्या. डोंबिवलीची खाडी म्हणजे उल्हास नदी. भरतीचं पाणी तिथून वर कल्याणपर्यंत चढतं. त्यांच्या बापाचं जाळं या खाडीत असायचं आणि ओहोटीला जाळं झाडताना पोरींना निवडायला बसवायचे. तेव्हा केंड सापडला की बाप हाक मारायचा, सगळ्या पोरांच्या हातात एकेकदा द्यायचा, पोटावरून अंगठा फिरवायला लावायचा, आणि मगच फेकायचा. शाळा ती एवढीच. मग खाडीत रेती काढायचे बार्ज आले, वरच्या अंगाला अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवलीचे कारखाने वाढले. उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या प्रदूषणावर वनशक्ती संस्था राष्ट्रीय हरित लवादात गेली. २०१५ मध्ये लवादानं महापालिका आणि सांडपाणी केंद्रांना मिळून सुमारे ९५ कोटींचा दंड सुनावला. आता मोठागावहून माणकोलीला पूल झाला आहे, गाड्या त्यावरून खाडी ओलांडतात. मावशींच्या घरचं जाळं मात्र कधीच माळ्यावर गेलं. खाडीकाठची बाई मासळी घ्यायला लोकलनं मुंबईला जाते, याचं त्यांना आता नवल वाटत नाही.

"खाडीतली मासली मी इकत नाय," त्या म्हणाल्या. "येते कधीमधी कोनाकडं, चिंबोरी, कोलंबी. पन मी नाय घेत. केंडाचं विष तरी पोटावर हात फिरवला की कलतं. फॅक्टरीचं कुठं हात लावून बगू?"

डब्यात पंचवीस-तीस बायका असतील. तीस म्हटल्यावर मला नातवाचा आकडा आठवला आणि मी तो मोठ्यानं म्हटला. एकजण लगेच म्हणाली, "म्हंजे आमचा सगला डबा एका केंडात!" सगळ्या खळखळून हसल्या. मावशी हसल्या नाहीत, त्या झोपल्या होत्या.

बाजारात पोचल्यावर वाटे लागले, आणि घासाघीसही लागली. मांदेलीला वीस रुपये कमी करा, कोळंबी दोन जास्त घाला. या वाट्याच्या भावात बर्फ आहे, टॅक्सी आहे, धक्क्यावरचा मुकादम आहे. अंगठ्याचा भाव त्यात कुठे धरलेला नाही, कारण अंगठ्याचं काम म्हणजे वाट्यात जे नाही ते, आणि नसलेल्याचे पैसे कोण देतं? मावशींची मुलगी एमआयडीसीतल्या एका ऑफिसात हिशोब लिहिते. मासळी खाते, पण निवडायला बसत नाही, आणि मावशींना ते बरोबरच वाटतं. "तिनं का हात कुजवायचे बर्फात?" नातवाला केंडाचे व्हिडिओ पाठ आहेत, केंड हातात घेतलेला नाही. हे ज्ञान आणखी किती वर्षं फळीवर बसेल हे त्यांच्या गुडघ्यांवर आहे.

निघताना मी विचारलं, तुम्ही बसायचं थांबवलंत तर आम्ही काय करायचं? केंड खाऊन कोणाचे ओठ बधिर झाले तर घरचे उपाय करत बसू नये, ज्या रुग्णालयात श्वासाचं यंत्र आहे तिथे तडक न्यावं, एवढं मी त्यांना सांगितलं. ते त्यांनी शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं पुढे. माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांनी पिशवीला गाठ मारता मारता दिलं:

"मुंडी बगून घ्यायचं, ताई. बिनमुंडीचं आनलंस त मंग मला दाखवायला आनू नको. मला पन नाय कलनार."